दिवसाचा हुंकार

१

मंगळवार आणि शुक्रवार हे मायाक्काचे वाचनालयाचे वार. सकाळची भाकरी उरकली, लुगडं बदललं, तपकिरीची डबी कनवटीला खोचली, की ती सोलापूरच्या भवानी पेठेतल्या घराच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. साडेदहाला नात सोनम बाहेर पडायची आणि दोघी रिक्षानं निघायच्या. पंच्याहत्तरी उलटलेली बाई, जन्मात पाटीवर एक अक्षर गिरवलेलं नाही, आणि आठवड्यातनं दोनदा वाचनालयात जाते, याचं गल्लीतल्या बायकांना भारी हसू.

"काय मायाक्का, परीक्षा जवळ आली वाटतं?"

"व्हय की. पेपर लई अवघड हाय. तुमी भांडी घासा, तवर मी कलेक्टर होऊन येते."

वाचनालय तीन मजली, दगडी. पाट्या वाचता येत नसल्या तरी कुठला विभाग कुठं, हे मायाक्काला कानानं कळायचं. दारातून आत गेलं की वर्तमानपत्रांचा विभाग. तिथं पेन्शनीतले म्हातारे पानं उलटायचे ती वाऱ्यावर कडबा वाजावा तशी वाजायची. पुढं पुस्तकांची देवघेव. तिथला शिक्का दिवसभर ठक् ठक् करायचा. डाव्या हाताला मुलांचा विभाग, तिथं चिमण्यांचा थवा. पहिल्या मजल्यावर अभ्यासिका. सरकारी परीक्षेला बसलेली पोरंपोरी पंख्याखाली माना घालून बसलेली असायची, दुपारच्याला मेंढरं एकमेकांच्या सावलीत डोकी खुपसून उभी राहतात तशी. मायाक्का धनगराची लेक. तिला जगातलं सगळं आधी मेंढरांसारखं दिसायचं, मग दुसऱ्या कशासारखं.

दुसऱ्या मजल्यावर संदर्भ विभाग. तिथली पुस्तकं कुणालाच घरी नेता येत नाहीत, असं सोनमनं सांगितलं तेव्हा मायाक्का म्हणाली, "म्हंजे जन्मठेपीची म्हण की."

त्याच्या मागं जुन्या पुस्तकांची लांब, अंधारी खोली. तिथल्या मांडण्यांत अधूनमधून पुस्तकाएवढाच लाकडाचा ठोकळा उभा केलेला दिसायचा. पहिल्या दिवशीच मायाक्का एकापाशी थांबली होती. "ह्ये गं काय?"

"एखादं पुस्तक बांधणीला गेलं की त्याच्या जागी त्याच मापाचा ठोकळा ठेवतात, आज्जी. नाहीतर शेजारची कलतात आणि जागा मिटून जाते. मग परत आलेलं पुस्तक ठेवायचं कुठं?"

"आन् ठोकळा काडायचा इसरलं तर?"

"मग पुस्तक बाहेरच राहतं," म्हणत सोनम पुढं गेली.

त्या खोलीच्या टोकाला सोनमचा विभाग होता, बोलक्या पुस्तकांचा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तिथं माणसं पुस्तकं मोठ्यानं वाचायची, सोनम ती यंत्रावर धरायची, आणि अंध वाचक ती घरी नेऊन ऐकायचे. एक लहानशी खोली, भिंतींना स्पंज लावलेला, खिडकी नाही, एका बाजूला काच. आत एक खुर्ची, एक माईक, आणि आपलाच आवाज आपल्याला ऐकू यावा म्हणून हेडफोन. काचेबाहेर सोनम. दार लावलं की जग तुटल्यासारखं व्हायचं. विहिरीत उतरल्यावर कान दडपतात, तसं.

अंध वाचकांना यंदा जुन्या गोष्टीही द्यायच्या असं वाचनालयाच्या साहेबांच्या मनात आलं, आणि सोनम म्हणाली, "माझी आज्जी आहे की."

मायाक्कानं आधी साफ नाही म्हटलं होतं. "गोष्ट दिवसा सांगत न्हाईत. मामा वाट चुकतो."

यावर सोनम पोट धरधरून हसली. कारण तिचा मामा म्हणजे मायाक्काचा मुलगा बिभीषण, आणि बिभीषण चालवायचा वाचनालयाची गाडी. फिरतं वाचनालय. आठवडाभर होटगीच्या अंगाच्या खेड्यांना पुस्तकं नेऊन द्यायची, जुनी परत आणायची. वीस वर्षं तोच रस्ता. सोनमचे आईबाप वेळापूरला. ती नोकरीसाठी आजी आणि मामाकडं राहायची. बिभीषणची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, पोरबाळ नाही. घरात ही तिघंच.

"आये, सांग बिनघोर," बिभीषण म्हणाला. "मी चुकलो तर मोबाईल वाट सांगतोय. एवडी गोड बाई बोलती त्यात, तुझ्यावानी शिव्या न्हाई देत."

"तू बोलूच नगंस. तुला गोष्ट सांगितली म्हंजे मला ठावं हाय."

कारण बिभीषण हा ऐकणाऱ्यांत पहिल्यापासून नाठाळ. गोष्टीला हुंकार लागतो. सांगणाऱ्यानं एक वाक्य टाकावं, ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणावं, मग गोष्ट एक पाऊल पुढं सरकते. बाकीची पोरं हूं म्हणायची. बिभीषणही म्हणायचा, पण बोलक्या मेंढीच्या गोष्टीत 'आणि मग ती मेंढी बोलली' हे आलं की ठरलेलं, "मेंढी कुटं बोलती व्हय, आये!" आणि मायाक्काचंही ठरलेलं, "बोलती. गप आयक." पन्नाशीला आला तरी त्यानं ती मेंढी एकदाही तशीच जाऊ दिली नव्हती.

आता त्या स्पंजाच्या खोलीत हुंकार देणारं कुणी नव्हतं. सोनमनं बजावलं होतं, मधे आवाज आला तर सगळं बिघडतं, मी काचेतून नुसती मान हलवीन. पण साठ वर्षांची सवय जाते कुठं? मायाक्का प्रत्येक वाक्यानंतर थांबायची. एका 'हूं'ला पुरेल एवढी जागा सोडायची, आणि मग पुढं जायची.

२

महिन्याभरानं रुद्रप्पा आला. होटगीचा हा माणूस जन्मापासून अंध. तीस वर्षं त्यानं टेलिफोनवर नोकरी केली होती. बोलक्या पुस्तकांचा सगळ्यांत जुना वाचक तोच. काठी टेकत आला, खुर्ची चाचपून बसला आणि म्हणाला, "अव्वा कुटं हाय?"

"हितंच हाय की," मायाक्का म्हणाली. "काय म्हंतासा?"

"गोष्टी लई झ्याक हायत, अव्वा. पर माजी खरी शाबासकी त्या हुंकारवाल्याला द्या. अगदी ठिकानावर देतो. घाई न्हाय, उशीर न्हाय. कोन हाय त्यो?"

सोनम हसली. "काका, आत आज्जी एकटीच असते. मी बाहेर."

"पोरी, मला डोळं न्हाईत. कान हायत. तीस वर्सं मी निसत्या श्वासावरनं सांगायचो पलीकडं कोन बोलतंय ते." मग त्यानं काठीवर दोन्ही हात ठेवले. "तेच इचारायचं हुतं. ह्यो मानूस हुंकार देतोय, पर श्वास घेत न्हाय."

सोनमनं मायाक्काच्या कानांवर हेडफोन चढवले आणि गोष्ट लावली. स्वतःचा आवाज ऐकून मायाक्काला आधी लाजल्यासारखं झालं. वाक्य झालं. मोकळी जागा आली. काही नाही. दुसरं वाक्य. काही नाही. तिसऱ्याच्या पाठीमागं, त्या मोकळ्या जागेत बरोब्बर मधोमध, कुणीतरी म्हणालं, "हूं."

लांबचा आवाज. दोन शेतं पलीकडच्या बांधावरून यावा तसा. ना बाईचा, ना बाप्याचा. आणि त्यानंतर प्रत्येक वाक्याला.

"पंख्याचा असेल," सोनम म्हणाली. मग तिलाच आठवलं, त्या खोलीत पंखा नाही. "दुसऱ्या कुणाचं वाचन खाली राहिलं असेल. होतं असं. जुनं पुसलं जात नाही नीट."

मायाक्कालाही ते पटलं. नाहीतर मीच घशात हूं म्हणत असेन, तिनं स्वतःला समजावलं. म्हातारपणी माणूस काय काय करतो, ते त्याला थोडंच कळतं? तिनं रुद्रप्पाला चहा पाजला, हसून वाटेला लावलं.

त्या संध्याकाळी बिभीषण दोन तास उशिरा आला. बूट काढता काढता हसत होता, पण हसू तोंडापुरतंच.

"आये, आज गंमतच झाली. होटगीच्या फाटकावरनं डाव्या हाताला वळायचं, तर सरळच गेलो. कळलंच न्हाय."

"मोबाईल हाय की तुजा."

"त्येचंच तर सांगतोय. हिकडं तिकडं बगतोय तर सगळं माळरान. झाड न्हाय, खांब न्हाय. आन् ती बाई म्हंतीया, तुमी पोचलात."

सोनम हसली. मायाक्काच्या हातातली भाकरी तव्यावर जरा जास्तच भाजली.

३

तिनं तिथंच थांबायला हवं होतं. पण बोलक्या मेंढीची गोष्ट निम्म्यावर आली होती. ती लांबलचक गोष्ट, चार-पाच बैठकांत सांगायची. आणि गोष्ट अर्धी टाकू नये, हेही मायाक्काच्या आईनं तिला शिकवलेलंच. भरल्या घागरीसारखी ती; वाटेत खाली ठेवायची नसते.

शुक्रवारी ती आत बसली. मनाशी ठरवलं होतं की नजर काचेवरून हलवायची नाही. बाहेर सोनम, कानांवर हेडफोन, ओठ मिटलेले. मायाक्कानं आपले दोन्ही ओठ दातांखाली धरायचं ठरवलं, म्हणजे हूं म्हटलं तर आपल्याला कळेल.

"तर त्या धनगराला सात मेंढ्या हुत्या," ती म्हणाली आणि ओठ दाबून धरले.

सोनमनं मान हलवली नाही. तिनं मान वळवली. मागं पाहिलं. मागं लांब अंधारी खोली, मांडण्या, ठोकळे. पुन्हा काचेकडं पाहिलं, तेव्हा तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. तिनं हातानं खूण केली, पुढं सांग.

मायाक्कानं पुढचं वाक्य टाकलं. या खेपेला तिला स्वतःलाच ऐकू आलं. हेडफोनमधून आलं, पण बांधावरून नाही. खोलीतून. खुर्चीच्या मागं हातभर अंतरावरून, कानाशी वाकून कुणी म्हणावं तसं.

"हूं."

तिनं वळून पाहिलं. स्पंजाची भिंत. भिंत आणि खुर्चीच्या मधे मांजर मावणार नाही एवढी फट.

मायाक्का उठली, हेडफोन काढले, बाहेर आली. "बास. आजपासनं माजं तोंड बंद."

"आज्जी, यंत्रातला काहीतरी दोष असणार. मी साहेबांना सांगते, माणूस बोलावून घेऊ."

"बलीव. मानूस बलीव, यंत्र बदल. पर मी दिवसा गोष्ट सांगनार न्हाय."

त्या दिवशी बिभीषण दिवेलागणीच्याही पुढं घरी आला. जेवला नाही. भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "आये, सगळ्या वाटा सारक्याच दिसाया लागल्यात. म्हशी घेऊन चाललेला मानूस भेटला. त्येला इचारलं, सोलापूर कुटल्या अंगाला? त्यो माज्याकडं बगून हसला. म्हनाला, तुमी तर आत्ताच गेलासा की तिकडं."

मायाक्कानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दोन गोष्टी तिनं मनात शेजारीशेजारी ठेवल्या. हुंकार जवळ येतोय. लेक लांब चाललाय. ठेवल्या, आणि वरून फडकं टाकावं तसं झाकल्या. सांगणं तर आपण बंद केलंय. आता काय?

४

मंगळवारी ती वाचनालयात गेलीच नाही. चार वाजता सोनमचा फोन आला शेजारच्या बसव्वाच्या मोबाईलवर.

"आज्जी, मामाची गाडी आली नाही. तीनला यायला पाहिजे होती. सगळ्या गावांना फोन केला. पुस्तकं देऊन गेला म्हणतात, बारा वाजताच."

मायाक्का पोचली तेव्हा साहेबांनी पोलिसांना कळवलं होतं. देवघेवीच्या टेबलापाशी माणसं गोळा झाली होती. सोनमनं दहाव्यांदा मामाला फोन लावला आणि त्यानं उचलला. मायाक्कानं मोबाईल ओढून घेतला.

"बिभ्या! कुटं हाईस?"

"आये, आलोच की. गिरणीची चिमणी दिसतीया." गाडीतल्या पत्र्याच्या कप्प्यांचा खडखडाट ऐकू येत होता. "कवापास्नं दिसतीया. पर ती मोटी हुईना, आये. मी चाललोय, चाललोय, आन् ती हाय तेवडीच."

फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

सोनमनं आजीला बाजूला घेतलं. "एक सांगायचं होतं. ती तू अर्धी सोडलेली गोष्ट. तू उठून गेलीस तिथं ती संपायला पाहिजे ना? मी आज लावून बघितली. तुझं बोलणं थांबलंय, पण ते थांबेना. हूं. जरा वेळानं परत हूं. वाट बघतंय, आज्जी."

वर्तमानपत्रांच्या विभागात पानं वाजत होती, शिक्का ठक् ठक् पडत होता. जगाला काही झालेलं नव्हतं. मायाक्का जिन्याकडं वळली.

"दार उगड तुज्या खोलीचं."

"तूच म्हणालीस ना, दिवसा..."

"वाट चुकवली गोष्टीनं. आता गोष्टच वाट दावंल. चल, दिस मावळायच्या आत."

खुर्चीवर बसली, हेडफोन घातले. मेंढीची गोष्ट बाजूला राहिली. तिनं दुसरीच सुरू केली.

"एक हुता बिभीषण. त्यो माळावर वाट चुकला."

मोकळी जागा. मग, "हूं."

आणि त्या 'हूं'च्या मागं पत्र्याच्या कप्प्यांचा खडखडाट. मायाक्काच्या काळजात लख्ख झालं. तो ऐकतोय!

"त्येच्या उजव्या अंगाला एक बाबळ हुती. तिची एक फांदी ईज पडून जळलेली. त्या फांदीकडं पाठ करून त्यो निगाला."

"हूं."

होटगीपासून सोलापूरपर्यंतचं रान मायाक्कानं पोरपणी मेंढरांमागं पायांनी मोजलं होतं. ती एकही खूण विसरली नव्हती. पडकी विहीर सांगितली. विहिरीच्या काठचा पिंपळ सांगितला. बिरोबाचा चौथरा सांगितला. होटगीचं फाटक, रुळांची दोन वळणं, मग मोठा रस्ता. प्रत्येक खुणेला हुंकार येत होता, आणि प्रत्येक हुंकार आधीच्यापेक्षा जवळ. खडखडाट वाढत होता. काचेबाहेर सोनम दोन्ही हात तोंडाशी धरून उभी होती.

"मग चिमणी मोटी झाली. डोक्याच्या वर गेली. मागं पडली."

"हूं."

"मग त्यो वाचनालयाच्या फाटकात आला."

"हूं."

"आन् घरी पोचला," मायाक्का म्हणाली, आणि खाली अंगणात गाडीचा हॉर्न वाजला.

सोनमनं दार उघडलं, "मामा आला!" म्हणून ओरडली आणि जिन्यानं धावत सुटली. मायाक्कानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. दाराच्या चौकटीला धरून ती उभी राहिली. मागून चिलटासारखा बारीक आवाज येत होता. टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून.

आपलीच गोष्ट परत लागली असेल, ती मनाशी म्हणाली, आणि लेकाला बघायला खाली गेली.

५

लेक धडधाकट होता. मिशी तीच, कपाळावरची लहानपणीची खोक तीच, डावा पाय जरा ओढत चालणं तेच. पोलिसांनी विचारलं कुठं होता, तर बघत राहिला. डॉक्टर म्हणाले, ऊन बाधलंय, आठ-दहा दिवसांत येईल ठिकाणावर. गल्लीतल्या बायकांनी दृष्ट काढली.

दुसऱ्या आठवड्यात तो कामावर गेला. आता एक वळण चुकत नव्हता. तीनला म्हटलं की तीनला गाडी अंगणात. साहेब खूश होते.

घरी आला की आपल्या जागेवर बसायचा, भिंतीला टेकून. आपल्या ताटलीत जेवायचा. बसव्वा सांगून गेली, की तुमचा बिभीषण किती शांत झालाय, शिवी नाही की थट्टा नाही.

"शेंगाची चटणी तिकाट झालीया का रं?" मायाक्का विचारायची.

"हूं."

"उद्या सोनमच्या आईकडं वेळापूरला जाऊन येशील?"

"हूं."

अगदी ठिकाणावर. घाई नाही, उशीर नाही.

ऊन बाधलंय, मायाक्का स्वतःला सांगायची. आपणच आणलाय त्याला, खूण खूण सांगून. हुंकार आला की पुढं जायचं, हे तिला येत होतं. हुंकार कुणाचा, हे विचारायची तिला आयुष्यात कधी गरज पडली नव्हती.

एका दुपारी तो भिंतीला टेकून झोपला होता. मायाक्का गोधडी टाकायला वाकली आणि तशीच वाकून राहिली. कितीतरी वेळ. त्याच्या छातीवरचा सदरा हलत नव्हता. तिनं हात त्याच्या नाकाशी नेला. तेवढ्यात त्यानं डोळे उघडले, तिच्या हाताकडं बघितलं, आणि मग त्याची छाती वर-खाली व्हायला लागली. आठवल्यासारखी.

६

गुरुवारी संध्याकाळी तिनं त्याच्यापुढं ताट वाढलं आणि उगाच बोलावं तसं म्हणाली, "लई दिवस झालं, तुला गोष्ट सांगितली न्हाय."

"हूं."

सोनम चुलीशी बसली होती. तिनं आजीकडं पाहिलं. मायाक्कानं बोलक्या मेंढीची गोष्ट काढली. धनगर सांगितला, सात मेंढ्या सांगितल्या. सहा मेल्या ते सांगितलं. प्रत्येक वाक्याला हुंकार आला. मग ती थांबली आणि म्हणाली,

"आन् मग ती मेंढी बोलली."

त्याच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो तोंडाशी नेता नेता थांबला.

"हूं," तो म्हणाला, आणि घास खाल्ला.

रात्रभर मायाक्काला मांडणीतला तो ठोकळा दिसत होता. त्याच मापाचा. जागा धरून बसलेला.

शुक्रवारी तिनं लुगडं बदललं, डबी कनवटीला खोचली. आज तो स्वतः गाडीनं पोचवायला आला. अंगणात थांबला नाही; दोघींच्या मागं जिना चढला. अभ्यासिका गेली, संदर्भ विभाग गेला, अंधारी खोली गेली. सोनमच्या शेजारची खुर्ची ओढून तो काचेसमोर बसला. गुडघ्यांवर हात. मायाक्कानं आत जाऊन दार लावून घेतलं. हेडफोन घातले.

आत नुसती शांतता नव्हती. शांततेच्या पार तळाशी वारा होता. माळरानावरचा.

तिनं गोष्ट सांगितली. प्रत्येक वाक्याला काचेपलीकडं मान हलायची, ओठ मिटल्या मिटल्या हलायचे, आणि तिच्या कानांत जवळून हूं यायचा. तिनं त्याच्याकडं बघायचं सोडलं. डोळे मिटले.

"आन् मग ती मेंढी बोलली."

"हूं," जवळचा म्हणाला.

ती थांबून राहिली. एका हुंकाराला पुरेल एवढी जागा झाली, दोनाला झाली, दहाला झाली. सोनम काचेवर टकटक करून विचारत होती, काय झालं? मायाक्कानं हात वर धरला. थांब.

वारा. पत्र्याचा एक खडखडाट, बंद पडत आलेला. आणि मग, चिमणी जिथून दिसते पण मोठी होत नाही अशा कुठल्यातरी माळावरून, घसा सुकलेला, दमलेला, पण चिडलेला आवाज आला.

"मेंढी कुटं बोलती व्हय, आये!"

मायाक्कानं पदर तोंडात कोंबला.

डोळे उघडले तेव्हा काचेपलीकडची मान हलायची थांबली होती. हेडफोन तिच्या कानांवर आणि सोनमच्या कानांवर. त्याच्या कानांवर काही नव्हतं. तरी तो उठून उभा होता. काचेला तळहात टेकून, कपाळ टेकून आत बघत होता. त्याच्या तोंडाची वाफ काचेवर धरत नव्हती. सोनम हळूहळू खुर्चीसकट मागं सरकत होती. त्याचे ओठ हलले. आवाज काचेतून येणं शक्य नव्हतं. तो कानांतच आला, अगदी कानाच्या पाळीशी.

"संपव आये, गोष्ट."

मायाक्काला कळलं, आता जे वाक्य टाकू ते दोघंही ऐकणार. वाट सांगितली तर हा उभा आहे जागेवर, दार अडवून. आणि गोष्ट संपवली, तर तिकडं माळावर कुणी बोलणारच उरणार नाही.

तिनं डबी उघडली. चिमूटभर तपकीर ओढली.

"बोलती," ती माईकला म्हणाली, इतकी वर्षं म्हणत आली होती तशी. "गप आयक."

आणि काचेकडं पाठ करून तिनं गोष्ट पार पहिल्यापासून सुरू केली.